प्रेग्नन्सीतली शुगर आणि व्यायाम : सकाळच्या तासभर वॉकपेक्षा जेवणानंतरची पंधरा मिनिटं

पहिल्या वेळी सत्ताविसाव्या आठवड्यात माझी शुगर वाढलेली निघाली तेव्हा मला खरंच वाटलं होतं की लॅबवाल्यांनी रिपोर्टची अदलाबदल केलीये. वय एकतीस, वजन काही डोळ्यात भरण्यासारखं नाही, गोडाचं मला वेड नाही, मग मलाच का? डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, घरात कुणाला डायबिटीस? म्हटलं आईला आहे. बसून काम? म्हटलं हो, ऐरोलीला आयटीत, नऊ-नऊ तास खुर्चीत. आणि घरी आल्यावर? घरी आल्यावर तर मला कुणी ग्लास पण उचलू देत नव्हतं, दोन महिने मी सोफ्यावर राणीसारखी पडून होते. त्या म्हणाल्या, मग अजून काय कारण पाहिजे.

दुसऱ्या वेळी नवव्या आठवड्यापासून चालायला लागले. खरं सांगते, दुसऱ्या वेळीही शुगर निघालीच, पण अगदी काठावर, १४६, आणि शेवटपर्यंत खाणं आणि चालणं यावरच भागलं. पहिल्या वेळी एकतिसाव्या आठवड्यापासून इन्सुलिन घ्यावं लागलं होतं. आता एका बाईच्या दोन बाळंतपणांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, म्हणून खाली माझा अनुभव कुठला आणि नक्की माहीत असलेली गोष्ट कुठली हे वेगवेगळं सांगायचा प्रयत्न केलाय. मी डॉक्टर नाही, तुमची फाईल तुमच्या डॉक्टरांकडेच असते, हे लक्षात ठेवून वाचा.

शुगर वाढते कशी आणि चालण्याचा त्यात काय संबंध

वार म्हणजे प्लॅसेंटा, ती जशी मोठी होते तशी काही हार्मोन्स सोडते, आणि त्या हार्मोन्समुळे आईच्या अंगात इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. ही काही निसर्गाची चूक नाही, बाळाला ग्लुकोज सतत मिळावं म्हणून केलेली सोय आहे. ज्यांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन बनवू शकतं त्यांचं निभावतं, ज्यांचं कमी पडतं त्यांची शुगर वर जाते, आणि हे बहुतेक वेळा विसाव्या-चोविसाव्या आठवड्यानंतर जाणवायला लागतं. आपल्या भारतीय लोकांत कमी वजनातही पोटाभोवती चरबी आणि इन्सुलिनला दाद न देणं जास्त दिसतं, म्हणून "मी तर बारीक आहे" यावर निवांत बसू नका.

आता गंमत बघा. स्नायू हलायला लागला की तो रक्तातलं ग्लुकोज इन्सुलिनची वाट न बघता आत ओढून घेतो. समोरचं दार जाम झालंय पण मागचं दार उघडलं, असं समजा. आणि हे मागचं दार चालणं थांबल्यावर पण काही तास अर्धवट उघडं राहतं, एकूण परिणाम दिवस-दोन दिवस टिकतो, म्हणून रविवारी दोन तास आणि बाकी आठवडा शून्य याचा फारसा उपयोग नाही, दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू द्यायचा नाही.

शुगर व्हायच्या आधीच व्यायाम केला तर टळते का? २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेला आढावा आला होता, त्यात नुसत्या व्यायामाने प्रेग्नन्सीतल्या डायबिटीसची शक्यता साधारण ३८ टक्क्यांनी कमी दिसली. त्याआधी २०१७ मध्ये बीजिंगची एक चाचणी आली, जास्त वजनाच्या ३०० बायका, अर्ध्यांनी तेराव्या आठवड्याच्या आत सुरुवात करून आठवड्यातून तीनदा अर्धा तास जागेवरची सायकल चालवली, त्यांच्यात २२ टक्के जणींना शुगर झाली आणि न करणाऱ्यांमध्ये जवळजवळ ४१ टक्के. म्हणजे टळतेच असं नाही, पण फरक मोठा आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांनी लवकर सुरू केलं होतं. आपल्याकडे बायका शुगरची टेस्ट पॉझिटिव्ह आली की शूज विकत घ्यायला जातात, मी पण तेच केलं होतं.

पायरी १ : टेस्ट कधी, आणि टेस्टच्या दिवशी चालायचं नाही

सरकारी गाईडलाईननुसार पहिली टेस्ट नाव नोंदवायला जाता तेव्हाच करायची, ती नॉर्मल आली तर परत २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, उपाशी असा किंवा खाऊन या, दोन तासांनी रक्त घेतात आणि १४० किंवा वर आलं की शुगर आहे असं धरतात. काही डॉक्टर उपाशीपोटी तीनदा रक्त घेणारी टेस्ट सांगतात, तिथे मर्यादा वेगळ्या, उपाशी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एक जरी आकडा गाठला तरी पॉझिटिव्ह. त्यामुळे मैत्रिणीचा १४५ नॉर्मल आणि माझा १४५ खराब कसा, असं डोकं फिरवून घेऊ नका, टेस्ट वेगळी असू शकते.

ग्लुकोजचं पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लॅबमध्ये सांगा, टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. आणि ते दोन तास बसून राहायचं. मी पहिल्या वेळी कंटाळून खाली मार्केटमध्ये चक्कर मारून आले होते, नंतर कळलं की त्याने आकडा खोटाच कमी येऊ शकतो. एक मासिक घेऊन जा आणि बसा.

पायरी २ : डॉक्टरांकडून स्पष्ट हो किंवा नाही घ्या

"व्यायाम करू का?" असं विचारलं की "हो हो, हलकाफुलका करा" एवढंच उत्तर मिळतं आणि घरी येऊन आपण हलकाफुलका म्हणजे काय यावर भांडत बसतो. म्हणून प्रश्न तुकड्यात विचारा. माझी वार खाली आहे का? गर्भपिशवीचं तोंड आखूड आहे का, टाका घालायची वेळ येईल का? बीपी कसंय? हिमोग्लोबिन किती? बाळाची वाढ बरोबर आहे का? मी रोज पंधरा मिनिटं तीनदा भरभर चालले तर चालेल का? आणि उत्तर फाईलवर लिहून घ्या, कारण घरच्यांना दाखवायला कागद लागतो, तोंडी सांगितलेलं त्यांना पटत नाही.

ज्यांना ब्लीडिंग होतंय, पाणी जातंय, टाका घातलाय, अठ्ठावीस आठवड्यांच्या आसपास पण वार तोंडावरच आहे, बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया सांगितलाय, वेळेआधी कळा येऊन गेल्यात, हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा त्रास आहे, बाळाची वाढ कमी आहे, किंवा जुळी-तिळी आहेत, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून फक्त डॉक्टरांचं ऐकायचं. बाकीच्यांना मात्र उगाच बेडरेस्ट घेऊन फायदा होतो असं काही नाही, उलट स्नायू सुटतात आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

पायरी ३ : ताट उचललं की चपला

हाच या सगळ्याचा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० पासूनचं सांगणं आहे की गरोदर बाईने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. १५० ऐकून घाबरायला होतं, पण दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, आठवड्यात पाच दिवस, झाले की दीडशे! आणि हे तीन तुकडे कुठे टाकायचे, तर नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्या पाठोपाठ, कारण जेवल्यावर साधारण तासाभरात शुगर सगळ्यात वर जाते आणि तेव्हाच स्नायूंनी ती ओढून घेतली तर शिखर बुटकं होतं. २०१३ चा एक छोटासा अभ्यास आहे, गरोदर बायकांवरचा नाही, साठीच्या पुढच्या लोकांवरचा, त्यात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं हे सकाळी एकदम पंचेचाळीस मिनिटं चालण्याइतकंच उपयोगी पडलं आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या शुगरसाठी तर जास्त. माझ्या मीटरनेही मला तेच सांगितलं.

म्हणजे सकाळी साडेपाचला उठून ठाण्याच्या उपवन तलावावर फिरायला जाणं वाईट आहे का? मुळीच नाही, आवडत असेल तर जा. पण ज्या बाईला सकाळी मळमळतंय, साडेआठची गाडी पकडायचीये, तिला "पहाटे वॉक" सांगितलं की ती चार दिवस करते आणि पाचव्या दिवशी अपराधी वाटून सगळंच सोडून देते.

आधी अजिबात सवय नसेल तर असं करा. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या जेवणानंतर पाच ते सात मिनिटं, घरातल्या घरात हॉल ते किचन पण चालेल. दुसऱ्या आठवड्यात तेच दहा मिनिटं आणि दुपारचं पाच मिनिटं जोडा. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही दहा, आणि नाश्त्यानंतरचं सुरू करा. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत तिन्ही वेळा दहा ते पंधरा मिनिटं जमायला हरकत नाही. जेवण संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत निघायचं, तासाभराने नाही. ॲसिडिटी होत असेल तर पहिली दोन-तीन मिनिटं रमतगमत, मग वेग.

वेग किती? चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळातल्या हार्टबीटच्या आकड्यापेक्षा हे माप बरं, कारण प्रेग्नन्सीत ठोके तसेही वाढलेले असतात. गाणं आरामात म्हणता येत असेल तर ती शतपावली झाली, तीही चांगली पण जरा पाय उचला. दोन वाक्यं बोलून धाप लागत असेल तर हळू.

नाश्त्यानंतरचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं आणि नेमके तेव्हा आपण पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी खातो. माझ्या वहीत लिहिलेलं आहे, एक डिश पोहे खाऊन लॅपटॉपसमोर बसले तर दोन तासांनी १३८, तेवढेच पोहे, शेंगदाणे जास्त, सोबत एक उकडलेलं अंडं आणि मग बारा मिनिटं चालले तर ११२. मी काय केलं, तर नाश्ता करून घरातून निघायचं आणि रिक्षा स्टेशनच्या दारात न सोडवता जरा अलीकडे सोडवायची. ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची म्हणजे पुलाचे जिने आलेच, कठडा धरून, सावकाश, आणि गर्दीचा लोंढा उतरत असेल तेव्हा बाजूला थांबून. एक गाडी गेली तर जाऊ दे, पुढची येते.

दुपारचं ऑफिसात. कॅन्टीनमधून थेट डेस्कवर न जाता मजल्यावरच चकरा मारायच्या. पहिल्या आठवड्यात सगळे विचारतात, मग कुणी विचारत नाही, माझ्यासोबत तर दोघीजणी चालायला लागल्या ज्यांना काही नव्हतं. आणि मध्ये मध्ये, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं, बाटली मुद्दाम छोटी ठेवायची म्हणजे भरायला जावंच लागतं (आणि मग दुसऱ्या कामालाही जावंच लागतं).

घरकामाचं काय? हा वाद प्रत्येक घरात होतो. केर काढणं, कपडे वाळत घालणं यात अंग हलतं, श्वास थोडा वाढत असेल तर धरा हिशोबात. पण ओट्यापाशी दोन तास उभं राहून पोळ्या लाटणं हा व्यायाम नाही, तो पायांना सूज आणण्याचा कार्यक्रम आहे, आणि "आमच्या वेळी आम्ही कुठे चालायला जायचो" म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा, मला तरी यश आलं नाही.

पायरी ४ : कुठे चालायचं

सपाट, कोरडी आणि जिथे बसायला बाक आहे अशी जागा. ठाण्यात उपवन तलावाचा काठ चांगला, तलावपाळीला संध्याकाळी फार गर्दी असते, धक्का लागतो, तिथे सकाळी जा. येऊरचा चढ या दिवसांत नको, चढताना नाही तर उतरताना त्रास होतो, पोट पुढे आल्याने तोल बदललेला असतो आणि सांधे सैल झालेले असतात. नवी मुंबईवाल्यांची मजा आहे, नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक, वाशीला मिनी सी शोअर, खारघरला सेंट्रल पार्क. पाम बीच रोडच्या कडेने मात्र चालू नका, गाड्या कशा जातात ते तुम्हाला माहितीये.

पण खरं सांगू का, दिवसातून तीनदा कोणी उपवनला जात नाही. तीनातले दोन वॉक बिल्डिंगच्या खाली, पोडियमवर किंवा पॅसेजमध्येच होतात, त्यामुळे तीच जागा नीट बघून ठेवा. पावसाळ्यात स्टिल्ट पार्किंगच्या टाइल्स आणि शेवाळ धरलेला पेव्हर ब्लॉक, या दोनच गोष्टींना मी घाबरायचे. जून ते सप्टेंबर सरळ घरात चाला, नाहीतर मॉलमध्ये जा, एसी आहे, बाक आहेत, टॉयलेट आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारच्या उन्हात नको, आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग तापतं. पाणी सोबत, कपडे सुती. शूज अर्धा-एक नंबर मोठे घ्या, पाय सुजतात, आणि घरातल्या सपाता घालून वेगात चालू नका.

पोहणं येत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर तिसऱ्या तिमाहीत त्यासारखं सुख नाही, वजन जाणवतच नाही. फक्त तलावाच्या काठची ओली फरशी सांभाळा.

पायरी ५ : खुर्ची, भिंत आणि पाण्याची बाटली

आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम, कारण ग्लुकोज ओढणारा स्नायू जेवढा कामातला तेवढं बरं. जिम नको, एक न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा.

खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा. भिंतीवर दोन्ही हात टेकवून पुश-अप, दहा वेळा. अर्ध्या लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन हातात घेऊन कोपरातून वर, मग खांद्याच्या उंचीपर्यंत बाजूला, दहा-दहा. खुर्चीचा आधार घेऊन टाचा उचलणं पंधरा वेळा, यानं रात्री पोटरीत येणारे गोळे माझे तरी कमी झाले. मग गुडघे-हात टेकवून मार्जारासन, कंबरेसाठी. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, दोन्ही बाजूंनी. हे सगळं एक फेरी झाली की दोन मिनिटं थांबून दुसरी. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही.

किगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, रोज. लघवी अडवल्यासारखं आत-वर ओढायचं, पाच सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना अडवून बघू नका. लोकलमध्ये बसल्या बसल्या होतो, कुणाला कळत पण नाही.

न करायच्या गोष्टी थोडक्यात. पडायची किंवा पोटाला मार बसायची भीती असलेलं काहीही, विसाव्या आठवड्यानंतर बराच वेळ पाठीवर उताणं झोपून व्यायाम (गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येते), तापलेल्या खोलीतला योगा, आणि पोट पिळणारी आसनं. योगाच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी आठवडे सांगा, आणि शिकवणारीने त्यावर काही विचारलंच नाही तर क्लास बदला.

कधी थांबायचं

ब्लीडिंग, पाणी गेल्यासारखं वाटणं, नियमित दुखून पोट कडक होणं, छातीत दुखणं, चालायला लागायच्या आधीच धाप, चक्कर, जोराचं डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे चमकणं, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी. यातलं काहीही झालं की तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन, "घरी जाऊन बघू" नाही.

पायरी ६ : मीटर आणि वही

शुगर निघाली असेल तर ग्लुकोमीटर घ्याच. साधारण लक्ष्य असं असतं, उपाशी ९५ च्या खाली, जेवल्यावर एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. वेळ पहिल्या घासापासून मोजायची, हात धुतल्यापासून नाही, यात माझे पहिले चार दिवस चुकले होते. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, आंबा कापलेल्या बोटाने टोचलंत तर आकडा बघून हार्ट अटॅक येईल, मला मे महिन्यात १९२ दाखवलं होतं, धुऊन परत केलं तर १०९. बोटाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं.

वहीत चारच रकाने ठेवा, काय खाल्लं, किती मिनिटं चालले, आकडा, आणि शेरा. आठवडाभरात तुमचा स्वतःचा पॅटर्न दिसायला लागतो. माझ्यासाठी रात्रीचा भात वाईट निघाला आणि ज्वारीची भाकरी ठीक, माझ्या जावेचं अगदी उलट निघालं. खाण्याचा वेगळा लेख होईल म्हणून इथे एवढंच, की "दोघांचं खा" हे डोक्यातून काढा, फळांचा ज्यूस नको, फळ चावून खा, आणि प्रत्येक ताटात डाळ-उसळ-दही-अंडं-मासे यातलं काहीतरी भरपूर असू द्या. भात पूर्ण बंद करून उपाशी राहणंही चुकीचं, बाळाला लागतं.

इन्सुलिन चालू असेल तर चालताना पाकिटात ग्लुकोजची पुडी ठेवा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, तर आधी शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. मीटर जवळ नसेल तर साखर आधी.

चालूनही आकडा उतरत नसेल तर

सरकारी गाईडलाईनमध्ये आधी दोन आठवडे खाणं आणि व्यायाम, त्यानंतरही जेवणानंतरची शुगर १२० च्या वर राहिली तर औषध असं आहे. माझी उपाशी शुगर पहिल्या वेळी १०२-१०४ वरून हललीच नाही. रात्री झोपेत लिव्हर ग्लुकोज सोडत राहतं, त्यावर चालण्याचा जोर तेवढा चालत नाही. मी मात्र रात्री साडेदहाला पॅसेजमध्ये चाळीस-चाळीस मिनिटं चालायचे आणि सकाळी आकडा बघून रडायचे, जणू परीक्षेत नापास झाले. डॉक्टरांनी रागावूनच सांगितलं की इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, जास्तीचं ग्लुकोज मात्र जातं, आणि त्यानेच बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची शुगर एकदम खाली येते. तेव्हा टोचून घेतलं. चालणं सोडलं नाही, डोस कमी लागतो.

महिने पुढे सरकतात तसं

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि झोप, जमेल तेवढं, पण पाच मिनिटं तरी. चौथा ते सातवा हे सोन्याचे दिवस, पोट आड येत नाही आणि दमही असतो, सवय तेव्हाच लावा. आठव्यानंतर एकदम पंधरा मिनिटं जड जातात, मग सात-सात मिनिटांचे दोन तुकडे करा, पोटाला आधार देणारा पट्टा वापरा, वेग आपोआप कमी होतो तो होऊ द्या.

डोहाळजेवणाला ताटात पाच गोड पदार्थ येणार आणि नाही म्हटलं तर अपशकुन. मी प्रत्येकातला चमचाभर खाल्ला, ओटी भरून झाली आणि बायकांची गाणी चालू असताना शालू सावरत हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं सातवा लागलाय, जरा एका जागी बस की." तेव्हा मी डॉक्टरांनी लिहून दिलेला तो कागद काढला. त्या वाचून काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर स्वतःच्या चपला घालून दारात उभ्या होत्या, त्यांनाही डायबिटीस आहेच ना.

बाळंतपणानंतरची एक टेस्ट, जी सगळ्या विसरतात

बाळ झालं की बहुतेकींची शुगर लगेच उतरते आणि मीटर कपाटात जातं. पण एकदा प्रेग्नन्सीत शुगर झालेल्या बाईला पुढे कायमचा टाइप टू डायबिटीस होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, २००९ च्या एका मोठ्या आढाव्यात तो सात पटींच्या वर निघाला होता. म्हणून सहा आठवड्यांनी परत ती ७५ ग्रॅमवाली टेस्ट करायची, आणि नॉर्मल आली तरी पुढे दर वर्षी शुगर बघत राहायची. आता सहा आठवडे म्हणजे सव्वा महिना नुकताच संपलेला, डिंकाचे लाडू रोज चालू, झोप नाही, कुणाला आठवणार?

मी एक युक्ती केली. बाळाची दीड महिन्याची लस सहा आठवड्यांनाच असते, ती तारीख ठरलेलीच असते, त्याच आठवड्यात सकाळी उपाशीपोटी लॅब. बाळाला सांभाळायला कुणीतरी सोबत घ्या कारण दोन तास बसायचंय आणि मध्ये दूध पाजावं लागतं, पाजलं तर चालतं. चालणं तर नॉर्मल डिलिव्हरीनंतर बरं वाटायला लागलं की थोडं थोडं सुरू करता येतं, सिझर असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हापासून. माझी दुसऱ्या वेळची टेस्ट उपाशी ८८ आणि दोन तासांनी ११८ आली. घरी आले तर डिंकाच्या लाडवाचा डबा ओट्यावर उघडाच होता, एक खाल्ला, बाळाला कडेवर घेतलं आणि पॅसेजमध्ये पंधरा मिनिटं फिरवलं. तेही झोपलं.